नळाच्या पाण्यातलं शिसं: मीटर, पट्टी की प्रयोगशाळा?

घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणी गरोदर असेल आणि इमारत जुनी असेल, तर पाण्यातलं शिसं एकदा तपासून घ्याच. त्याला ना वास, ना चव. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं.

आधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र, बाजूला ठेवा. आमच्याकडे फिल्टर विकायला आलेल्याने मीटर पेल्यात बुडवून ‘पाणी एकदम चांगलं’ असं सांगितलं. भारतीय मानकात (आयएस १०५००) शिशाची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. मीटरचा आकडा एकेक मिलिग्रॅमने सरकतो. मर्यादेच्या दहापट शिसं असलं तरी त्याला पत्ता लागणार नाही.

घरी वापरायची पट्टी मीटरपेक्षा बरी. स्वस्त आहे, काही मिनिटांत उत्तर देते. पण बऱ्याच पट्ट्या अमेरिकेतल्या ०.०१५ मिलिग्रॅमच्या पातळीवर बेतलेल्या असतात आणि पाइपाच्या जोडांना दिलेल्या डागाचे (सोल्डरचे) सुटलेले बारीक कण त्यांना सहसा दिसत नाहीत. पट्टीने ‘आहे’ म्हटलं तर प्रयोगशाळा गाठा. ‘नाही’ म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

माझं मत विचाराल तर पैसे खर्चायचे ते एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेवरच. नुसतं ‘पिण्याच्या पाण्याची तपासणी’ म्हणालात तर अनेकदा जडपणा, पीएच आणि जिवाणू एवढंच तपासतात. शिसं हवं असल्याचं वेगळं सांगा. अहवालात ‘बीडीएल’, म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याहून कमी, असं लिहून आलं, तर त्यांचं यंत्र किती कमीपर्यंत मोजतं तेही विचारा.

नमुना मात्र नीट घ्यायला हवा, नाहीतर सगळा खर्च वाया. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच आणा. रात्री स्वयंपाकघरातला नळ बंद केला की सकाळपर्यंत घरात पाणी वापरू नका, फ्लशसुद्धा नाही. निदान सहा तास पाणी पाइपात निजलेलं हवं. सकाळी पहिल्या धारेलाच पहिली बाटली लावा, आधी नळ सोडून देऊ नका. मग पाच मिनिटं नळ चालू ठेवून दुसरी भरा. तोवर वाहणारं पाणी बादलीत धरा, झाडांना होईल.

पहिल्या बाटलीत शिसं जास्त आणि दुसरीत नगण्य आलं, तर संशय पितळी तोटीवर किंवा जवळच्या जोडावर. दोन्हींत आलं, तर सोसायटीच्या टाकीतला तिसरा नमुना द्या. तो अहवाल येईपर्यंत बाळाचं दूध आणि पेज आरओच्या पाण्यात करा.