पावसाळ्यातली ओल: डीह्युमिडिफायर घ्यावा, एसीवर भागवावे की कपाटातल्या पुड्या पुरतात?

गोव्यात जून ते सप्टेंबर घरात ओल शिरते हे इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. कातडी पट्ट्यावर हिरवट बुरशी, कपाटाच्या पाठीमागे काळे ठिपके, रेशमी साड्यांना कुबट वास, कॅमेऱ्याच्या भिंगात बारीक पांढरे धागे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरतीला घुमट, म्हणजे मडक्याला कातडे ताणून केलेले वाद्य, काढावे तर कातडे सैल पडलेले असते आणि बाजाच्या पेटीचे सूर गंजून अडकतात. यावर बाजारात बरेच उपाय मिळतात: पाचपन्नास रुपयांच्या पुड्यांपासून वीस-पंचवीस हजारांच्या डीह्युमिडिफायरपर्यंत, म्हणजे हवेतले पाणी काढणाऱ्या यंत्रापर्यंत. माझे मत आधीच सांगतो. सगळे घर कोरडे करण्याच्या नादी लागू नका. एक खोली निवडा, किंवा एक कपाट निवडा, आणि त्याला साजेशी वस्तू घ्या.

त्याआधी मात्र काही शे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या. ही खरेदी कोणीही टाळू नये, कारण बाकीचे सगळे निर्णय त्याच्या आकड्यावर उभे आहेत. तो सापेक्ष आर्द्रता दाखवतो, म्हणजे हवा त्या तापमानाला जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के तिच्यात आहे ते. ती सत्तर टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीला अनुकूल दिवस सुरू होतात. साठच्या खाली राहिली तर बुरशी सहसा धरत नाही. जुलैत आपल्याकडे बंद खोलीत हा आकडा ८५ च्या घरात सहज दिसतो. स्वस्त मापक पाच टक्क्यांनी इकडेतिकडे दाखवतात, पण तो खरा किती हे घरच्या घरी पाहता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ते ओलसर करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. तुमचा मापक ८० दाखवत असेल तर पुढे नेहमी पाच वजा करून वाचा.

पाणी नेमके असते कुठे

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली धरा. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना त्या खोलीतल्या हवेत सुमारे पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपात असते. ते ५५ टक्क्यांवर आणायला हवेतून फक्त पाव लिटरभर पाणी काढावे लागते. मग यंत्राची टाकी दिवसाला चार-पाच लिटर का भरते? कारण गादी, कपडे, लाकूड, पुस्तके आणि भिंतीचा गिलावा यांनी आपापला साठा करून ठेवलेला असतो, आणि दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची दमट हवा सतत आत येत असते.

कपाटाचेही तेच. वीस किलो सुती कपडे ८५ टक्क्यांच्या हवेत राहिले तर ५५ टक्क्यांच्या हवेत असतात त्यापेक्षा अर्धा ते पाऊण लिटर पाणी जास्त धरून ठेवतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुड्यांचा हिशेब त्यावरच लागतो.

पुड्या आणि डबे

सिलिका जेल दमट हवेत आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी शोषते. म्हणजे बुटांच्या खोक्यातून जपून ठेवलेली पाच ग्रॅमची पुडी दीड ग्रॅम पाणी घेऊन गप्प बसते. कपड्यांच्या कपाटासाठी दोन किलो जेल लागेल, आणि दार रोज उघडत असाल तर तेही पुरणार नाही. हवाबंद डब्यात मात्र याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. जन्मदाखले, जमिनीचे कागद, सोन्याच्या पावत्या, जुने फोटो, कॅमेऱ्याची भिंगे: रबरी कडेच्या झाकणाचा डबा घ्या, आत शंभर-दोनशे ग्रॅम जेल आणि तो छोटा मापक ठेवा. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्या, म्हणजे भरले की कळतात. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की दाणे पुन्हा कामाला लागतात, त्यामुळे ही एकदाची खरेदी वर्षानुवर्षे चालते.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे आणि टांगायच्या पिशव्या वेगळ्या तत्त्वावर चालतात. हे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते आणि खाली खारे पाणी साचते. जेलपेक्षा ते कितीतरी जास्त पाणी ओढते, म्हणून बंद राहणाऱ्या कपाटाला किंवा बुटांच्या खणाला ते बरे. पण ते पाणी सांडले तर लोखंड गंजते, कातडे खराब होते, आणि लहान मुलांच्या हाताला लागता कामा नये. रेशमी साड्यांच्या वर मी ती पिशवी कधीही टांगणार नाही. शिवाय दर पावसाळ्यात नवीन घ्यावी लागते.

कापूर, डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला यांचे काम किडे दूर ठेवण्याचे. ओल त्यांनी हलत नाही. कपाटात चाळीसचा पिवळा बल्ब लावायची जुनी पद्धत उपयोगाची होती, कारण बल्बच्या उष्णतेने आतली हवा तापते आणि सापेक्ष आर्द्रता उतरते. पण एलईडीला तेवढी उष्णता नसते आणि कपड्यांजवळ तापलेला बल्ब ठेवणे धोक्याचेच.

एसीचा ड्राय मोड की डीह्युमिडिफायर

खरा निर्णय इथे आहे. दोन्ही यंत्रे एकाच रीतीने पाणी काढतात: थंड कॉइलवरून हवा नेतात, वाफेचे पाणी होते आणि ते गळून जाते. फरक उष्णता कुठे टाकतात याचा. एसी ती घराबाहेर फेकतो, म्हणून खोली थंड होते. डीह्युमिडिफायरच्या दोन्ही कॉइल एकाच खोक्यात असतात, म्हणून हवा कोरडी होऊन थोडी गरम बाहेर येते.

मे महिन्यात एसी उत्तम पाणी काढतो, कारण खोली तापलेली असते आणि कॉम्प्रेसर सलग चालतो. जुलैत बाहेरच २६-२७ अंश असतात. एसी २५ वर लावला की लगेच ते तापमान गाठले जाते, कॉम्प्रेसर थांबतो आणि पाणी काढणेही थांबते. साध्या कूल मोडमध्ये पंखा फिरतच राहिला तर कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत मिसळते. ड्राय मोड पंखा हळू चालवून आणि कॉम्प्रेसरसोबत थांबवून हे बऱ्याच प्रमाणात टाळतो, म्हणून पावसाळ्यात एसी लावायचाच असेल तर त्याच मोडवर लावा.

पण मग तापमान आणखी खाली नेले तर? तिथे नवीन भानगड सुरू होते. पावसाळ्यात आपल्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते तो, २४ अंशांच्या आसपास असतो. खोली २१-२२ वर नेली की तिथले आरसे, लादी, भिंत सगळे या आकड्याच्या खाली जाते. एसी बंद करून दार उघडले की दमट हवा आत येते आणि थंड पृष्ठभागांवर घाम सुटतो. थंड केलेल्या खोलीच्या भिंतीला पलीकडच्या बाजूने काळे डाग पडलेले तुम्ही पाहिले असतील. पावसाचे पाणी मुरले म्हणून गवंडी बोलावला जातो, आणि कारण असते रात्रभर १८ वर चाललेला एसी.

डीह्युमिडिफायर खोली दोन-तीन अंशांनी तापवतो. झोपताना ते नकोसे वाटते, आवाजही फ्रीजपेक्षा मोठा. पण कोरडे करण्याच्या दृष्टीने ही उष्णता फायद्याचीच, कारण भिंती दवबिंदूच्या वर राहतात. दिवसा माणसे बाहेर असताना दारे-खिडक्या लावून तो चालवावा, झोपायच्या आधी बंद करावा. २५० वॉटचे यंत्र आठ तास चालले तर रोज दोन युनिट, महिन्याला साठ. वीज खात्याच्या बिलावर तुम्ही कुठल्या टप्प्यात आहात ते पाहून गुणाकार करा. टप्पा बदलत असेल तर वरच्या दराने धरा.

माझा कौल स्पष्ट आहे. उकाड्यासाठी एसी हवाच असेल आणि ओलीचा त्रास मध्यम असेल तर ड्राय मोडवर निभावते. बुरशी दरवर्षी येत असेल, घरात दम्याचा माणूस असेल, पुस्तके-वाद्ये असतील, तर डीह्युमिडिफायर घ्या. आणि कपडे वाळत नाहीत हे तुमचे मुख्य दुखणे असेल तर दुसरा विचारच नको. मशीनमधून पिळून निघालेल्या चार किलो कपड्यांत अजून दोनेक लिटर पाणी असते. ते खोलीत दोरीवर टाकले की तेवढे सगळे पाणी तुमच्या गाद्यांकडे आणि भिंतींकडे जाते. एका बंद खोलीत दोरी, खाली हे यंत्र आणि वर पंखा: संध्याकाळी टाकलेले जाड कापडही सकाळपर्यंत वाळते.

दुकानात एक गोष्ट नक्की टाळा. तीन-पाच हजारांत मिळणारे छोटे, गोंडस, आवाज न करणारे यंत्र बहुधा पेल्टियर जातीचे असते. त्यात कॉम्प्रेसर नसतो, विजेने एक बाजू थंड होणारी छोटी चकती असते. ७० वॉट खाऊन ते दिवसाला फार तर अर्धा लिटर पाणी देते, म्हणजे लिटरला तीन युनिटांहून जास्त. कॉम्प्रेसरवाले तेच काम लिटरला पाऊण-एक युनिटात करते. भिंगांच्या कपाटाला पेल्टियर ठीक, खोलीला नाही.

खोक्यावरची '१२ लिटर' ही दिवसाची क्षमता सहसा ३० अंश आणि ८० टक्क्यांवर मोजलेली असते. गोव्याचा जुलै त्याच्या जवळपास जातो, पण आर्द्रता उतरत गेली की पाणीही कमी निघते. त्यात बिघाड काही नाही. शयनगृहाला १० ते १२ लिटरचे पुरते, हॉलला २० चे. दोन सोयी आवर्जून विचारा. एक, वीज जाऊन आली की यंत्र आपोआप त्याच सेटिंगवर सुरू होते का. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे माहीत असताना हे न विचारता घेऊ नये. दुसरी, नळी जोडून पाणी थेट न्हाणीघरात सोडता येते का. सेटिंग ५५ वर ठेवा. ४० चा हट्ट धरला तर यंत्र थांबणारच नाही. जमलेले पाणी झाडांना घाला, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत नको, कारण त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश असतात.

घर कुठले

फोंडा, पणजी, मडगावच्या स्लॅबच्या फ्लॅटमध्ये वरचे सगळे लागू पडते. कौलारू घराचे गणित वेगळे. मंगळुरी कौलांतून हवा मोकळी खेळते, आणि तीच त्या घरांची खुबी. खाली माळा किंवा छत नसेल तर तिथे यंत्र लावणे म्हणजे बाहेरचा पाऊसच कोरडा करायला बसणे. डिचोली, सत्तरी, पेडण्याकडच्या जुन्या घरांत छत असलेली एखादी खोली कोठारासारखी ठरवा, फटी बुजवा आणि यंत्र तिथेच ठेवा. बाकी घराला वारा हवा, कपाटे बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार बोटे दूर हवीत.

चिऱ्याच्या भिंतीत पाणी जमिनीतून चढत असेल तर कुठलेच यंत्र कामाचे नाही. ओळखायचे असे: डागावर वीतभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवा आणि दोन दिवस थांबा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर दोष हवेचा, यंत्र घ्या. थेंब प्लास्टिकच्या आत आले किंवा भिंतीला पांढरा लोणा लागला असेल तर पैसे गवंड्यासाठी राखून ठेवा.

मुंबई-पुण्याला राहणारे आणि चवथीलाच घर उघडणारे बरेच आहेत. बंद घरात यंत्र महिनोन्महिने चालू सोडणे मला पटत नाही. नळी निसटली, वायर तापली तर पाहायला कोणी नसते. त्यांनी निघताना कपाटांची दारे उघडी ठेवावीत, गादी भिंतीपासून सोडवून उभी करावी, कागदपत्रे जेलच्या डब्यात घालावीत. आणि चवथीला दोन दिवस आधी येऊन एक खोली बंद करावी, सगळ्या गाद्या-उशा आत घालून यंत्र चालवावे. बुरशी दिसली तर कोरड्या कुंच्याने झाडू नये, बीजे घरभर उडतात; मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावी आणि मगच यंत्र लावावे.