हॉस्पिटलं फायरने जोडून नऊ महिने झाले: वापराचा अनुभव, त्यातही ॲलर्जीच्या चौकटीबद्दल जास्त

आमची रेकॉर्ड सिस्टीम बाहेरच्या हॉस्पिटलांशी फायरने (FHIR, पेशंटची माहिती एका सिस्टीममधून दुसरीत पाठवायचं स्टँडर्ड) जोडली त्याला आता नऊ महिने झाले. पहिल्या महिन्यातच लिहायला घेतलं होतं पण तेव्हा सगळ्याचंच कौतुक वाटत होतं म्हणून ठेवून दिलं, आणि ते बरंच झालं. तीन शब्द आधीच सांगून ठेवते: रिसोर्स म्हणजे एका प्रकारच्या माहितीची नोंद, बंडल म्हणजे अशा नोंदींचा गठ्ठा, टोकन म्हणजे माहिती बघायचा तात्पुरता परवाना. आमचं आर४ म्हणजे फायरची चौथी आवृत्ती आहे, वर स्मार्टचं लॉगिन (फायरसोबत वापरायची लॉगिन आणि परवानगीची पद्धत), परवानगीसाठी ओऑथ २.०, वाटेत माहिती कुलूपबंद ठेवायला टीएलएस, म्हणजे सगळीकडे असतं तेच. मी हॉस्पिटलच्या आयटीत इंटरफेस बघते, काही अडलं की फोन मलाच येतो.

आधी त्या रात्रीचं सांगते, कारण ती रात्र झाली नसती तर मी हे लिहायला बसलेच नसते.

पायाच्या जखमेत इन्फेक्शन झालेल्या एक वयस्क बाई दुसऱ्या हॉस्पिटलमधून आमच्याकडे आल्या. जुना रेकॉर्ड दोन मिनिटांत स्क्रीनवर आला, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्या, मागच्या ॲडमिशनचा तपशील, सगळं. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचं इंजेक्शन लिहिलं. ॲलर्जीच्या चौकटीत हिरव्या अक्षरात होतं, ‘ॲलर्जी: नाही’. सिस्टरांनी औषध काढलं, सिरिंज भरली, आणि त्यांची पंचवीस वर्षांची सवय म्हणून बाईंच्या मुलीला विचारलं, ‘ताई, आईंना कधी कुठल्या औषधाने त्रास झालाय का हो?’ तर मुलगी म्हणाली, ‘हो सिस्टर, पेनिसिलिनने अंगभर पुरळ आली होती, ओठ सुजले होते, तिकडच्या फाईलवर लाल पेनाने लिहिलंय की, तुम्हाला दिसलं नाही का?’

अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच घरातलं. सिरिंज बाजूला ठेवली, डॉक्टरांना उठवलं, औषध बदललं, बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. सकाळी ड्यूटी संपल्यावर सिस्टर घरी न जाता माझ्या टेबलापाशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘मॅडम, तुमची स्क्रीन नाही म्हणत होती. मी विचारलं नसतं तर?’ मला काही बोलता आलं नाही.

लॉग काढला. आमच्याकडून ॲलर्जीच्या रिसोर्सची मागणी गेली होती, समोरून स्टेटस २०० आलं होतं, म्हणजे सगळं ठीक, आणि आत एक बंडल, प्रकार सर्चसेट म्हणजे शोधाचं उत्तर, टोटल शून्य. बस. शून्य नोंदी मिळाल्या. आणि या शून्याचं आमच्या स्क्रीनने परस्पर ‘नाही’ करून टाकलं, वर हिरव्या रंगात.

शून्य नोंदी मिळाल्या याचे किती अर्थ होऊ शकतात बघा. पेशंटला विचारलं आणि तिला खरंच कशाची ॲलर्जी नाही. किंवा कोणी विचारलंच नाही. किंवा विचारलं, लिहिलं, पण कागदावर, सिस्टीममध्ये चढवलंच नाही. किंवा सिस्टीममध्ये आहे पण आपल्याला बघायची परवानगी नाही. वॉर्डात या चारही वेळी करायची गोष्ट वेगळी आहे, आणि स्क्रीनवर शब्द मात्र एकच. मी अठरा वर्षं या कामात आहे आणि मला हे जोडणीच्या दिवशी सुचलं नाही. आम्ही टेस्टिंग केलं ते सगळं भरलेल्या पेशंटवर केलं, रिकामा पेशंट कोणी तपासलाच नाही.

स्क्रीनचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं आहे तिच्याकडे तिकीट टाकलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, ‘अपेक्षित वर्तन’, आणि तिकीट बंद. मी परत उघडलं, रात्रीचा सगळा प्रसंग लिहिला, नाव-गाव काढून लॉग जोडला. मग उत्तर आलं की हा बदल कस्टमायझेशनमध्ये मोडतो, वेगळं कोटेशन पाठवतो. इथे माझं डोकं फिरलं. वर्षाचा मेंटेनन्स आम्ही आगाऊ भरतो, एकदाही एक दिवस उशीर केलेला नाही, आणि चौकटीतला एक चुकीचा शब्द काढायचे वेगळे पैसे? फुकट काही मागत नव्हते मी, भरलेल्या पैशात जे यायला हवं तेच मागत होते. हॉस्पिटलचा पैसा म्हणजे शेवटी पेशंटच्या बिलातलाच पैसा, तो मी असा सोडत नाही.

त्या रागात मी मनातल्या मनात फायरवरच खापर फोडलं होतं. म्हटलं, फायरच्या आधीचं निरोप पाठवायचं जुनं स्टँडर्ड, एचएल७ व्हर्जन दोनच बरं होतं. आजही आमची लॅब मशीन त्याच्यावरच चालतात. उभ्या रेघांनी वेगळे केलेले फील्ड, डोळ्यांनी वाचायला वैताग, पण त्यात रिकाम्याचेसुद्धा दोन प्रकार होते. दोन रेघांमध्ये काहीच नसेल तर त्याचा अर्थ ‘याबद्दल मी काही सांगत नाहीये, तुमच्याकडे आहे ते राहू द्या’, आणि दोन रेघांमध्ये नुसती अवतरणचिन्हं असतील तर ‘आहे ते पुसून टाका’. ऐंशीच्या दशकात ज्यांनी ते बसवलं त्यांना कळलं होतं की गप्प राहणं वेगळं आणि नाही म्हणणं वेगळं. मग २०११ मध्ये ग्रॅहम ग्रीव्ह यांनी ज्याचा पहिला मसुदा मांडला, ज्याचं आर४ २०१८ च्या शेवटी आलं, त्या नव्या स्टँडर्डमध्ये हे हरवलं कसं?

तर ते हरवलेलं नाही. इथे मला माझं मत बदलावं लागलं. एका रविवारी बसून स्टँडर्ड मुळातून वाचलं, आधी फक्त व्हेंडरने दिलेली गाईड वाचली होती. ॲलर्जीच्या रिसोर्समध्येच ‘कुठलीही ज्ञात ॲलर्जी नाही’ अशी नोंद करायची सोय आहे, स्नोमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय संज्ञांच्या कोडांच्या यादीत, त्याला स्वतःचा कोड आहे, ७१६१८६००३. म्हणजे ‘नाही’ ही सुद्धा एक नोंद असते, कोणीतरी विचारून, तारीख घालून केलेली. यादी रिकामी पाठवायची असेल तर लिस्ट रिसोर्समध्ये रिकामं असण्याचं कारण सांगायला वेगळं फील्ड आहे आणि त्यात विचारलं नाही, माहीत असलेलं काही नाही, रोखून ठेवलंय, उपलब्ध नाही, असे वेगवेगळे कोड आहेत. तपासण्यांच्या ऑब्झर्व्हेशनमध्येही आकडा का नाही ते सांगायला जागा आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी वॉर्डाचा विचार केला होता. फक्त ही फील्ड सक्तीची नाहीत, म्हणून आमच्या व्हेंडरने ती सोडून दिली, समोरच्यांच्या व्हेंडरनेही सोडून दिली, आणि दोघांच्याही माहितीपत्रकावर ‘फायर आर४ सुसंगत’ असं ठसठशीत लिहिलेलं आहे. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण या ‘सुसंगत’ शब्दावर यापुढे मी सही करणार नाही.

मग दुसरं कळलं आणि ते जास्त लागलं. त्या बाईंची पेनिसिलिनची नोंद समोरच्या सिस्टीममध्ये होती! तिकडच्या आयटीतल्या सरांना फोन केला, त्यांनी शोधून सांगितलं, मॅडम नोंद आहे, क्रिटिकॅलिटी हाय म्हणजे धोका मोठा असं लिहिलंय, पण तुमच्या टोकनला ॲलर्जी बघायची परवानगीच नाही. स्मार्टमध्ये कुठले रिसोर्स बघायचे त्यानुसार स्कोप, म्हणजे परवानगी, मागावी लागते. पायलटच्या वेळी आम्ही पेशंट, एन्काउंटर (हॉस्पिटलमधली भेट), ऑब्झर्व्हेशन, रिपोर्ट आणि औषधं एवढेच स्कोप मागितले होते, ‘आधी कमीत कमी मागू, मग वाढवू’ म्हणून. ती यादी मी केली होती. सुरक्षेच्या दृष्टीने विचार बरोबरच होता, गरजेपुरतीच परवानगी घ्यावी, पण वाढवायचं राहून गेलं आणि स्क्रीनवर ॲलर्जीची चौकट मात्र पहिल्या दिवसापासून होती. स्कोप नसताना चौकट ठेवायलाच नको होती, ही माझी चूक, मी लेखी कळवली.

तरी मी त्या सरांना विचारलं, परवानगी नव्हती तर तुमच्या सर्व्हरने ४०३ का नाही दिलं, स्पष्ट नकार दिला असता तर स्क्रीनवर एरर आली असती, सगळ्यांना कळलं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. समजा पेशंटच्या मानसिक आजाराच्या नोंदी आहेत आणि तिने त्या दाखवायला मनाई केली आहे. आता सर्व्हर म्हणाला ‘आहे पण दाखवणार नाही’, तर जे लपवायचं तेच सांगून झालं. म्हणून बरेच सर्व्हर परवानगीबाहेरचं गुपचूप गाळतात आणि उरलेलं देतात, स्टँडर्डही त्याला आडकाठी करत नाही. मला हे पटलं. आधी मला तो निव्वळ आळशीपणा वाटला होता, पण यामागे पेशंटची लाज राखायचा विचार आहे आणि तो लहान नाही.

पण ॲलर्जीला तोच न्याय लावायचा का, यावर आमची दोन आठवडे चर्चा झाली. माझं म्हणणं असं की स्कोप मुळात मागितलाच नसेल तर ते पेशंटचं गुपित नाही, ती दोन सिस्टीममधली तांत्रिक गोष्ट आहे, ती खुशाल सांगा. पेशंटने स्वतः रोखलेलं असेल तिथे गप्प राहा. शेवटी ते मान्य झालं आणि आता त्यांचा सर्व्हर स्कोपबाहेरची मागणी आली की बंडलमध्ये सोबत ऑपरेशनआउटकम, म्हणजे मागणीचं काय झालं ते सांगणारा रिसोर्स, पाठवतो, ‘ही मागणी परवानगीत बसत नाही’ असा इशारा असतो त्यात. सर्चच्या उत्तरात असा इशारा घालायची सोय स्टँडर्डमध्ये आहेच, वापरणारे कमी.

आमच्या बाजूने स्कोप वाढवून घेतला, तो एका दिवसात झाला. स्क्रीनचं भांडण अडीच महिने चाललं. मी मेंटेनन्सच्या कराराची प्रत काढली, त्यात ‘पेशंटच्या सुरक्षिततेला बाधा आणणारा दोष’ विनामूल्य दुरुस्त करायचं कलम होतं, त्यावर खूण करून पाठवली, सोबत वॉर्डाच्या मुख्य डॉक्टरांचं पत्र. चौथ्या मेलनंतर कोटेशन मागे घेतलं. आता चौकटीत तीन वेगळी वाक्यं येतात. ‘ॲलर्जी नाही’ हिरव्यात, पण सोबत कोणी आणि कधी विचारलं ते असलं तरच. ‘विचारल्याची नोंद नाही’ पिवळ्यात. ‘माहिती मिळू शकली नाही’ करड्या पट्टीत. पिवळी पट्टी आली की सिस्टर विचारून तिथेच भरतात. एवढंच हवं होतं.

बाकीचं भराभर सांगते. लॅबचे रिपोर्ट हाताने उतरवायचं बंद झालं हा सगळ्यात मोठा फायदा, आकडे चुकायचे ते थांबलं. दोघांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली तर दुसऱ्याला ४१२ हा नकाराचा कोड येतो, आधी बदललेलं चुपचाप पुसलं जात नाही, हे मला फार आवडलं. कोणी कधी कोणाचा रेकॉर्ड उघडला याची ऑडिट इव्हेंट म्हणून नोंद पडते. पेशंटच्या ॲपला आमचा पासवर्ड कधीच कळत नाही, टोकन जातं आणि ते ठराविक वेळात मरतं. युनिटचं एक सांगते, क्रिएटिनिन एकीकडून मिलिग्रॅममध्ये येतं एकीकडून मायक्रोमोलमध्ये, १ चं ८८.४ होतं, पण युकमचे, म्हणजे मोजमापाच्या युनिटांचे, ठरलेले कोड दोघंही नीट पाठवतात म्हणून तिथे आजवर त्रास नाही. नावांच्या स्पेलिंगमुळे एकाच पेशंटचे दोन रेकॉर्ड होतात, ते अजून हाताने जुळवतो, महिन्याला आठ-दहा निघतात.

तर घ्यावं का, तर घ्याच, मी परत मागे जाणार नाही. पण सही करायच्या आधी व्हेंडरला समोर बसवून एक टेस्ट पेशंट उघडायला सांगा ज्याच्यावर काहीही भरलेलं नाही, मग स्कोप काढून तोच पेशंट परत उघडायला सांगा, आणि दोन्ही वेळी स्क्रीनवर काय शब्द येतात ते लिहून घ्या. भरलेला डेमो सगळेच छान दाखवतात.

एक काम अजून बाकी आहे. फार्मसीची सिस्टीम ॲलर्जी कोड न लावता नुसत्या मजकुरात पाठवते, ‘पेनिसिलीन रिॲक्शन’ असं कोणीतरी टाइप केलेलं. माणसाला वाचता येतं, पण कोड नसल्यामुळे अमॉक्सिसिलिन लिहिलं तरी इशारा वाजत नाही. त्याचं तिकीट टाकून पाच आठवडे झाले. तोवर अशा मजकुरी नोंदींची यादी मी रोज सकाळी काढून वॉर्डात पाठवते, काल त्यात सहा नावं होती.