एग बॉयलर: घाईच्या सकाळीसाठी घ्यावा का?

इंदूरची सकाळ पोहे-जिलेबीची. पण ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ३८ ग्रॅम कार्ब्ज असतात आणि प्रथिनं जेमतेम ३-४ ग्रॅम. तीन अंड्यांत प्रथिनं १८ ग्रॅमच्या आसपास, कार्ब्ज दोन ग्रॅमही नाहीत. त्यासाठी सात अंड्यांचा, साधारण ३५० वॉटचा एग बॉयलर, म्हणजे वाफेवर अंडी उकडणारं छोटं यंत्र, खरंच कामाचा आहे. पाणी आटलं की आपोआप बंद होतो, तेवढ्यात मुलांचे डबे भरून होतात.

सगळं गणित पाण्याचं. अंडी जास्त, तर पाणी कमी! उलटं वाटेल, पण गार अंड्यांवर वाफेचं पाणी होऊन ते परत खालच्या तापणाऱ्या थाळीत पडतं आणि यंत्र जास्त वेळ चालतं. म्हणून सोबत मिळणाऱ्या पाण्याच्या मापावरच्या खुणा पाळाच. मापाच्या तळाशी टाचणी असते. तिने अंड्याच्या रुंद टोकाला टोचा, हवेची पोकळी तिथेच असते. झाल्यावर लगेच गार पाण्यात टाका, नाहीतर बलकाभोवती हिरवट कडा येते. अगदी ताज्या अंड्यांचं कवच नीट सुटत नाही, आठवडाभर जुनी बरी.

हाफ बॉईलचा मात्र भरवसा नाही, दर वेळी वेगळा निघतो.

बोअरिंगच्या पाण्याने थाळीवर पांढरा थर चढतो. चमचाभर व्हिनेगर पाण्यात मिसळून दहा मिनिटं ठेवा नि पुसून घ्या. थाळी नळाखाली कधीच धरू नका, खाली वीज आहे.

वरून जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा खारट इंदुरी मसाला, भुरभुरवा. मिठाची गरज उरत नाही.