घरपोच फरशी पॉलिश: पुण्यात काय मिळतं आणि काय मागून घ्यावं

पुण्यात फरशी पॉलिश करून देणाऱ्यांकडे तीन वेगवेगळी कामं मिळतात: मेण चोपडणं, रसायनाने चमक आणणं आणि हिऱ्याच्या पॅडने घिसाई. तिन्हींचा दर चौरस फुटावर सांगतात आणि पहिल्या दिवशी तिन्ही फरश्या सारख्याच लखलखतात. फरक कळतो तो पुढच्या काही महिन्यांत. आमचं मत आधीच सांगतो. फरशी झिजली असेल, चट्टे पडले असतील, तर घिसाईलाच पैसे द्या. फरशी मुळात धड असून फक्त निस्तेज झाली असेल, तर रसायनाचं काम चालेल. मेणाला एक रुपयाही देऊ नका. ते पिवळं पडतं, धूळ धरून ठेवतं आणि पुढच्या वेळी आधी ते खरवडण्याचीच मजुरी पडते.

सेवा चांगली आहे का, हे पॉलिशवाला घरी आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय विचारतो यावरून ओळखता येतं. खोलीचं माप घेऊन तो लगेच दर सांगू लागला, तर सावध व्हा. आधी दगड कोणता आहे, हे त्याने बघायला हवं. एरंडवणे, कोथरूडच्या जुन्या फ्लॅटमध्ये शहाबादी, कोटा किंवा मोझॅक असतं, ओट्याला कडप्पा असतो. बाणेर, बालेवाडीच्या टॉवरमध्ये इटालियन मार्बल. शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड, आणि मार्बलही मूळचा चुनखडीचाच. त्यांच्यातलं कॅल्शियम कार्बोनेट कोणत्याही आम्लाने विरघळतं. ग्रॅनाइटचं तसं नाही, त्याला लिंबाने काही होत नाही. जाणकार माणूस दाराआडच्या कोपऱ्यात सौम्य आम्लाचा एक थेंब टाकून बुडबुडे येतात का ते बघतो आणि लगेच पुसतो. ओटा काळा ग्रॅनाइट म्हणून घेतलेला असेल, तर तो ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळाही फिरवतो. बोळा काळा झाला, तर दगड रंगवलेला किंवा तेल लावलेला आहे. हिरवा मार्बल हे आणखी वेगळं प्रकरण. तो बहुतेक वेळा सर्पेंटाइन या वेगळ्याच खनिजाचा असतो आणि पांढऱ्या मार्बलची रसायनं त्याच्यावर चालत नाहीत.

दुसरा प्रश्न ओलीचा. तळमजल्यावरच्या शहाबादीला पांढरा शोरा येतो, कारण जमिनीतली ओल दगडातून वर चढताना क्षार सोबत आणते आणि पाणी उडून गेलं की ते पृष्ठभागावर उरतात. पॉलिशने शोरा जात नाही. प्लास्टिकचा दोन फूट चौरस तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी खालून दव दिसलं, तर सीलरचं, म्हणजे डाग लवकर मुरू न देणाऱ्या द्रावणाचं, काम पुढे ढकलायचं. अशा फरशीवर वरून चमकीचा थर देणारे आहेत, आणि हे काम आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं. ओल खाली अडकते, महिन्या-दोन महिन्यांत थराला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. मग तो थर काढायला घिसाईच करावी लागते, म्हणजे घरमालकाला दोनदा खर्च.

आता घिसाई. पैसे मोजून करून घ्यायचं काम हेच, आणि यातच सगळ्यात जास्त चालढकल होते.

मशीन सुरू करण्याआधी जुने सांधे कोरून साफ करायचे आणि दगडाच्या रंगाला जुळणारं इपॉक्सी भरून रात्रभर वाळू द्यायचं. वेळ वाचवण्यासाठी अनेक जण पांढऱ्या सिमेंटची पातळ रबडी ओतून मोकळे होतात. ती पहिल्याच पॅडखाली निघते आणि दगडाचा चिखल सांध्यात जाऊन काळी रेघ कायमची राहते. इटालियन मार्बलमध्ये बारीक भोकं आणि चिरा असतात, त्याही याच वेळी भरायच्या.

पॅडचा क्रम ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० असा; आकडा मोठा तसं पॅड बारीक. दोन लाद्यांमध्ये उंचसखलपणा असेल, तर त्याआधी मेटल पॅडने लेव्हल काढावी लागते. प्रत्येक पॅडचं काम म्हणजे आधीच्या पॅडने पाडलेले ओरखडे काढणं. २०० वरून थेट ८०० वर उडी मारली, तर २०० चे ओरखडे खाली तसेच राहतात. वरून चमक येते, पण खिडकीचा उजेड तिरका पडला की गोल गोल रेघा दिसतात. म्हणून दर पॅडनंतर फरशी पुसून, वाळवून, जमिनीलगत टॉर्च धरून बघायला सांगा. ओल्या फरशीवर ओरखडा दिसत नाही, त्यामुळे ‘बघा साहेब, आरसा झालाय’ हे ओली फरशी दाखवून म्हणत असतील, तर थांबवा. चांगली टोळी आधी एका कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचा नमुना करून दाखवते. तो तुम्हाला पसंत पडला, की त्याच पातळीचं काम घरभर मागता येतं.

कडा हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग. मोठं मशीन भिंतीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे स्कर्टिंगलगतची तीन-चार इंचांची पट्टी चार इंची हातमशीनने, त्याच सगळ्या पॅडनी करायची असते. बहुतेक ठिकाणी तिथे दोनच पॅड फिरतात आणि खोलीभर मंद चौकट उमटते. दर ठरवतानाच ‘कडा आणि उंबरे सकट’ असं लिहून घ्या.

पाण्याचं आणि चिखलाचं आधीच बोलून ठेवा. घिसाईचा चिखल व्हॅक्यूमने किंवा वायपरने ओढून बादलीत घ्यायचा, निथळू द्यायचा आणि पोत्यात भरून न्यायचा. तो मोरीत ओतला, तर ट्रॅपमध्ये बसून दगड होतो आणि प्लंबर बोलवावा लागतो. मशीनला १६ ॲम्पिअरचं सॉकेट लागतं. भिंती आणि दारं दोन-तीन फुटांपर्यंत प्लास्टिकने झाकायला हवीत, आणि हे टोळीचं काम आहे, तुमचं नाही.

शहाबादी आणि कोट्याला मार्बलसारखा आरसा मागू नका. कोटा चांगला चमकतो, पण मोरीत आणि गॅलरीत ४०० च्या पॅडवर थांबलेलं बरं. त्यापुढे गेलं की ओल्या फरशीवर पाय सरकतो, आणि घरात वयस्क माणसं असतील तर ही चमक महागात पडते. मोझॅकलाही हेच मशीन आणि हाच क्रम लागतो. फक्त त्याच्या सिमेंटच्या भागातली बारीक भोकं आधी त्याच रंगाच्या सिमेंटने भरून घ्यावी लागतात.

शेवटचा हात ऑक्झॅलिक पावडरचा किंवा क्रिस्टलायझेशनचा. पावडर पाण्यात कालवून नमद्याच्या पॅडखाली फिरवतात. ती फिरती असावी, कारण एका जागी वाळली तर मार्बल भाजल्यासारखा पांढुरका होतो. क्रिस्टलायझेशनमध्ये, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या रसायनाच्या कामात, फ्लोरोसिलिकेटचं द्रावण स्टील वूलखाली घासतात, त्यातून दगडाच्या पृष्ठभागावर कॅल्शियम फ्लोराइडचा पातळ, कडक थर बनतो. घिसाईनंतर केलं तर उत्तम. ओरखड्यांवर केलं तर ओरखडेच चमकतात. स्टील वूलचे कण नीट झाडून नेले नाहीत, तर पहिल्या पुसण्यानंतर तांबूस ठिपके उठतात.

सीलरबद्दल फार गैरसमज आहेत. दगडात मुरणारा सिलेन-सिलोक्सेनचा सीलर डाग आत जायला वेळ लावतो, एवढंच त्याचं काम. लिंबू सांडून पडणारा चट्टा तो थांबवत नाही, कारण तो डाग नसून दगडाची झीज आहे. ‘सीलर मारलाय, आता काहीही सांडू दे’ असं सांगणाऱ्याला एवढंही माहीत नसतं, किंवा माहीत असून तो सांगत नाही. सीलर कोरड्या दगडावर लावायचा, १०-१५ मिनिटं मुरू द्यायचा आणि उरलेला वाळायच्या आत पूर्ण पुसायचा. पुसला नाही तर चिकट तवंग राहतो. २४ तास त्यावर पाणी नको. घट्ट काळ्या ग्रॅनाइटला बहुधा सीलर लागतच नाही, त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर आधी पाण्याचा थेंब ठेवून दगड गडद होतो का ते तपासा.

डागांसाठी चांगली सेवा वेगळी वेळ देते. देवघराच्या मार्बलवर समईचं तेल मुरलेलं असतं, त्यावर मुलतानी माती ॲसिटोनमध्ये कालवून पाव इंच थर द्यायचा, प्लास्टिकने झाकून २४ तास ठेवायचं, मग प्लास्टिक काढून वाळू द्यायचं. माती वाळताना तेल वर ओढते. मुरलेल्या डागाला दोन-तीनदा करावं लागतं. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून आधी समई विझवलेली, खिडकी उघडी. हळदीला आणि कुंकवाच्या रंगाला हीच माती हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये. गॅसच्या सिलिंडरने उमटवलेल्या गंजाच्या कड्याला मार्बलसाठीचाच गंजनाशक लागतो. त्यावर टॉयलेट क्लीनर ओतणाऱ्या माणसाला घराबाहेर काढा. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, गंज फिकट होतो आणि जागा खडबडीत होते. पितळेची ताम्हणं, निरांजनं मार्बलवर ठेवून चिंचेने घासली तरी हेच होतं.

वाड्याच्या जोत्याचा किंवा अंगणातल्या पायऱ्यांचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, मात्र या सेवेकडे देऊच नका. त्याला नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी पुरतं. ॲसिडने धुतलं तर दगडातलं लोह तांबूस होऊन बाहेर येतं आणि सांध्यातला चुना विरघळतो.

वेळेचंही बघा. गणपतीच्या तोंडावर सगळ्यांना पॉलिश हवं असतं, पण तेव्हा हवा दमट असते आणि दगड वाळत नाही. त्या दिवसांत घिसाई करून घ्यायला हरकत नाही. सीलर दसऱ्यानंतर लावून द्यायचं बोलीत ठरवा आणि तेवढे पैसे राखून ठेवा.

काम झाल्यावर फरशी टिकते ती झाडण्यावर. पुण्यात सतत कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं आणि बेसाल्ट फोडून केलेल्या वाळूची धूळ घरात येते. तिच्यातल्या फेल्डस्पार या खनिजाचा कठीणपणा मोह्सच्या १ ते १० मापावर ६, मार्बलच्या कॅल्साइटचा ३. म्हणजे पायाखालची धूळ रोज फरशी घासते. आधी कोरडा मायक्रोफायबर मॉप, दारात पायपुसणं, मगच ओलं पुसणं. पाण्यात न्यूट्रल पीएचचा, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, क्लीनर बाटलीवर लिहिला असेल तेवढाच. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असेल, तर शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके बसतात. ते काढायला व्हिनेगर वापरू नका. वर्षातून एकदा ओट्याजवळ आणि दारात पाण्याचा थेंब ठेवून बघा. पाच मिनिटांत दगड गडद झाला, तर तेवढ्याच भागाला सीलरचा नवा हात द्या.