सदाशिव पेठेतली अभ्यासिका : केबिन घ्यावी का?

बँकेची नोकरी सांभाळून सीएआयआयबी, म्हणजे बँकेतल्या लोकांची व्यावसायिक परीक्षा, देतेय. घरी अभ्यास होईना, म्हणून सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत जागा घेतली. आजूबाजूला सगळी एमपीएससीची मुलं, मला ताई म्हणतात. अभ्यासिकेचं नाव देत नाही. पेठेत गल्लोगल्ली अशा अभ्यासिका आहेत आणि मांडणी साधारण सारखीच.

दारातच फोनसाठी लॉकर, हे उत्तम. शांतता खरीखुरी. पाणी, स्वच्छता ठीक. एसीला मात्र स्वेटर लागतो.

प्रश्न केबिनचा. तिन्ही बाजूंनी प्लायवूड, भाडं जास्त आणि मागणीही तिलाच. माझं मन सगळ्यात जास्त भटकलं ते तिथेच! डोळे बाझलच्या, म्हणजे बँकांनी किती भांडवल राखावं याच्या, नियमांवरून फिरतायत आणि मी मनात लेकीच्या गॅदरिंगच्या घागऱ्याला काठ लावतेय. पान उलटलं तरी पत्ता नाही. यात नवल नाही म्हणा. बाहेरून काही येईना झालं म्हणून मेंदू स्वस्थ बसत नाही. जुन्या आठवणी, उद्याची कामं, कालची भांडणं काढून बसतो. हे काम करणाऱ्या मेंदूतल्या भागांबद्दल मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राइकल आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये लिहिलं होतं. पुढे 2010 मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2250 लोकांना फोनवरून अधूनमधून विचारलं, आत्ता मन कुठे आहे? जवळजवळ 47 टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतंच. प्लायवूड त्याला काय अडवणार?

मी खिडकीजवळच्या लांब सामायिक टेबलावर गेले. भाडं कमी, उजेड चांगला, आणि समोरचा मुलगा खाली मान घालून लिहीत असला की आपलीही मान खाली राहते. शेजारी एक रफ वही ठेवते. 'सिलिंडर – शनिवारी' असं वार घालून लिहिलं की ते काम पुन्हा टोचत नाही. थिअरी सकाळी, गणितं दुपारी जेवणानंतर. गणितात मन सुटलं तर उत्तरच चुकतं, त्यामुळे लगेच कळतं. थिअरीत चार पानं गेल्यावर कळतं.

पाचपैकी साडेतीन. केबिनचे जादा पैसे देऊ नका. खिडकीची जागा हवी असेल तर आठच्या आत पोचा, आणि लॉकरची किल्ली जपा, हरवली तर दोनशे रुपये घेतात.