एका लॅपटॉपमधील दोन ग्राफिक्स प्रोसेसर: दहा महिन्यांच्या आकडेमोडीनंतर

पुराचे पाणी जमिनीच्या चढउतारावरून कसे पसरत जाते, याचे गणित मी घरी करते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराने हा विषय डोक्यात बसवला आणि तो अजून सुटलेला नाही. कोल्हापूर, सांगली आणि पंचगंगा कृष्णेला मिळते ते नृसिंहवाडी ही तिन्ही ठिकाणे एसआरटीएम या अवकाशातून रडारने केलेल्या जमिनीच्या उंचीच्या मोजणीच्या एकाच टाइलमध्ये, म्हणजे नकाशाच्या एका चौकोनी तुकड्यात, बसतात. त्या टाइलमध्ये ३६०१ गुणिले ३६०१, म्हणजे १,२९,६७,२०१ चौकटी असतात आणि पाणी पुढे सरकवण्याच्या प्रत्येक पायरीला या सगळ्या चौकटींचे गणित नव्याने करावे लागते. नेमक्या याच कामासाठी दहा महिन्यांपूर्वी मी इंटिग्रेटेड (सीपीयूसोबतच येणारे) ग्राफिक्स आणि ४ जीबी मेमरीचे डेडिकेटेड (वेगळे, स्वतंत्र) कार्ड, अशी जोडी असलेला लॅपटॉप घेतला, त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकली आणि आधीपासून पायथनमध्ये असलेला प्रोग्राम ओपनसीएलवर, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरकडूनही आकडेमोड करून घेता येणाऱ्या व्यवस्थेवर, आणला. ही जोडी आज कितीतरी लॅपटॉपमध्ये असल्यामुळे लॅपटॉपच्या नावापेक्षा आलेल्या अडचणी आणि त्यांची सापडलेली कारणे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पहिली अडचण अशी की ओपनसीएलला एकही उपकरण दिसत नव्हते. ओपनसीएलची उपकरणे दाखवणारी सीएलइन्फो ही आज्ञा दिली की प्लॅटफॉर्मची, म्हणजे उपलब्ध ओपनसीएल ड्रायव्हरांची, संख्या शून्य येई, आणि तीच आज्ञा सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, दिली की इंटिग्रेटेड ग्राफिक्स व्यवस्थित दिसे. हा फरक दिसला की ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याच्या फंदात पडू नये. दोष परवानगीचा असतो. माझे खाते ‘रेंडर’ गटात, म्हणजे ग्राफिक्स वापरण्याची परवानगी असलेल्या गटात, नव्हते. ते त्या गटात घालून, लॉगआउट करून पुन्हा आत आल्यावर काम झाले. डेडिकेटेड कार्ड मात्र तरीही दिसेना, कारण सिक्युअर बूट ही सुरक्षा सोय चालू होती आणि विश्वासाची डिजिटल सही नसलेले ड्रायव्हर मॉड्यूल लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आत घेत नव्हता. संगणक सुरू होताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर त्या सहीच्या किल्लीची नोंदणी केली आणि तोही प्रश्न मिटला. पुढे कर्नलचे अपडेट आल्यावर कार्ड पुन्हा एकदा गायब झाले, तेव्हा नव्या कर्नलसाठी मॉड्यूल तयारच झालेले नव्हते. तेव्हापासून अपडेटनंतर सर्वप्रथम मी सीएलइन्फो चालवते.

दुसरी चूक पूर्णपणे माझी होती आणि तिने तीन आठवडे खाल्ले. प्रोग्राम चालत होता, उत्तरे येत होती. पण जुन्या संगणकाच्या मानाने वेग जेमतेमच वाढला होता. कार्डाचा वापर दाखवणारी खिडकी शेजारी उघडून पाहिली, तर तिथे शून्य टक्के. मी ‘पहिल्या प्लॅटफॉर्मचे पहिले उपकरण’ असे लिहून ठेवले होते आणि त्या जागी सीपीयूलाच ओपनसीएलचे उपकरण म्हणून सादर करणारे पोकल हे सॉफ्टवेअर येऊन बसले होते. म्हणजे ग्राफिक्सचा म्हणून मी मोजत होते तो वेग प्रत्यक्षात सीपीयूचा होता. उपकरणांचा क्रम एखादे पॅकेज टाकल्यावरही बदलू शकतो, म्हणून उपकरण क्रमांकाने निवडू नये, नावाने निवडावे आणि ते नाव प्रत्येक वेळी छापून घ्यावे.

तिसरी अडचण सर्वांत खोल होती. माझा मूळ प्रोग्राम डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे प्रत्येक संख्येला ६४ बिट देऊन, लिहिलेला होता आणि माझ्या इंटिग्रेटेड ग्राफिक्समध्ये डबलसाठी हार्डवेअरच नसल्यामुळे कोड तिथे कंपाइल होईना. डेडिकेटेड कार्डावर तो चालला, पण घरगुती वापराच्या कार्डांमध्ये डबलचा वेग पुष्कळदा सिंगलच्या (३२ बिटांच्या संख्यांच्या) १/३२ किंवा १/६४ इतकाच ठेवलेला असतो, त्यामुळे तिथेही फारसा फायदा उरला नाही. मग सगळे सिंगलमध्ये आणले आणि पाणी हरवू लागले. पाऊस बंद, बाहेर जाण्याच्या वाटा बंद, तरी सर्व चौकटींतील पाण्याची मिलिमीटरमधील बेरीज सुरुवातीला ओतलेल्या पाण्यापेक्षा कमी भरे. त्याच चौकटी सीपीयूवर आणून नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीने बेरीज केली की ती जवळजवळ बरोबर येई. कार्डाची मेमरी खराब असावी, अशी माझी खात्रीच झाली आणि मी लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्याच्या बेतात होते.

मेमरी चांगलीच होती. सिंगल प्रिसिजनमध्ये अचूकतेसाठी २४ बिट असतात. बेरीज १,६७,७७,२१६ वर पोहोचली की तीत १ मिळवला तरी ती जागची हलत नाही, आणि ती जसजशी वाढते तसतशा त्याहून मोठ्या भरीही गिळल्या जातात. मी ग्राफिक्सवर एकामागून एक चौकट मिळवत जाणारी साधी बेरीज लिहिली होती. नमपाय आकडे लहान गटांत विभागून गटांच्या बेरजा एकत्र करते, म्हणून तिथे ही गळती जवळपास दिसत नाही. थोडक्यात, पाणी चौकटींमध्ये होते तिथेच होते, गळत होते ते माझ्या मोजणीतून. मी गणितज्ञ काहान यांच्या पद्धतीने, दर वेळी गळून राहिलेला अंश जपून पुढच्या वेळी मिळवत, बेरीज लिहिली, तरी आकडा पूर्वीइतकाच चुकीचा. कारण वेगासाठी मीच लावलेला ‘फास्ट रिलॅक्स्ड मॅथ’ हा पर्याय कंपाइलरला (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) गणिताची पुनर्मांडणी करू देतो आणि त्या मांडणीत जपलेला अंश शून्य समजून काढून टाकला जातो. तो पर्याय काढल्यावर पाण्याचा ताळा जमला. त्या रात्रीचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

यानंतर वेगाचा प्रश्न उरला आणि इथे इंटिग्रेटेडबद्दलचे माझे मत पार बदलले. इंटिग्रेटेड आणि सीपीयू एकच रॅम वापरतात, म्हणून माहिती इकडून तिकडे न हलवताही काम होऊ शकते. माझ्याकडे मात्र दर वेळी नक्कल होत होती. नक्कल टाळायची तर मेमरीचा पत्ता ४०९६ बाइटच्या सीमेवर सुरू व्हावा लागतो आणि आकार ६४ च्या पटीत लागतो. माझी टाइल ५,१८,६८,८०४ बाइटची, म्हणजे ६४ च्या पटीपेक्षा नेमके ४ बाइट, अर्थात एक चौकट, जास्त. शेवटी ६० बाइटची रिकामी जागा जोडली आणि नक्कल थांबली. लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी होती. तशीच दुसरी बसवल्यावर डीडीआर४-३२०० ची कमाल क्षमता सेकंदाला २५.६ जीबीवरून ५१.२ जीबी झाली आणि इंटिग्रेटेडच्या वेगात तो फरक डोळ्यांना दिसला. डेडिकेटेड कार्डाची स्वतःची मेमरी याहून खूपच वेगवान असते, परंतु तिच्यापर्यंतची वाट पीसीआय एक्स्प्रेस या कार्ड जोडणाऱ्या मार्गातून जाते आणि ती अरुंद आहे. म्हणून टाइल एकदा कार्डावर नेऊन हजारो पायऱ्या तिथेच करायच्या असतील तर कार्डाला तोड नाही. उलट दर पायरीनंतर पाण्याची पातळी पडद्यावर पाहायची असेल, तर मी आता इंटिग्रेटेडच वापरते.

उष्णतेचा त्रास अपेक्षेइतकाच आहे. चार्जर काढला की कार्डाचा वेग पडतो, हे लांब चालणारे काम सुरू करण्यापूर्वी लक्षात ठेवावे. एक तक्रार मात्र अजून शिल्लक आहे. लॅपटॉप झोपवून पुन्हा उठवला की डेडिकेटेड कार्डावर ओपनसीएलचे काँटेक्स्ट, म्हणजे कार्डावर काम सुरू करण्यासाठी लागणारी मांडणी, कधी कधी तयारच होत नाही. सर्व प्रोग्राम बंद करून कार्डाचे मॉड्यूल काढून पुन्हा चढवले की ते सुरू होते, संगणक रीस्टार्ट करावा लागत नाही. पण त्या क्षणी चालू असलेली आकडेमोड वाया जाते. म्हणून दर पाचशे पायऱ्यांनी चौकटी डिस्कवर उतरवून ठेवते आणि रात्रीचे काम लावल्यावर लॅपटॉपचे झाकण उघडेच ठेवते.