पायलट मेडिकलची आधीची तपासणी: कानाला पूर्ण मार्क, मांडीच्या मापाला दीड स्टार

सेंटरचं नाव टाकत नाही. टाकलं तर फोन येतील आणि मला भांडण नकोय, दुकान चालवायचंय. सोलापुरातच आहे, एनडीए आणि एएफकॅटच्या (एअरफोर्समध्ये ऑफिसर व्हायची परीक्षा) पोरांची एअरफोर्स मेडिकल आधीच करून बघतो असा बोर्ड लावलेला आहे, ज्यांना माहिती आहे ते ओळखतील.

मी युनिफॉर्म शिवतो, अशोक चौकाकडं वर्कशॉप आहे, तीस वर्षं गळ्यात इंचटेप आहे. पोरगं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, एएफकॅटचा पेपर निघाला, म्हैसूरच्या एअरफोर्स निवड बोर्डाचं बोलावणं आलंय. तिथं इंटरव्ह्यूबरोबर पायलटसाठी ती कॉम्प्युटरवरची सीपीएसएस टेस्ट असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यातून निघाला तर मग दिल्ली किंवा बेंगळुरूला मेडिकल. म्हणून म्हणलं आधी एकदा बघून घेऊ, १८०० रुपये पॅकेज, भरले.

आधी चांगलं सांगतो. कानाचे डॉक्टर एकदम झकास. पोराच्या डाव्या कानात मळ होता, पडदाच दिसत नव्हता, तो काढून दिला आणि वर शांतपणे समजावलं की काडी घालायची नाही, जायच्या आधी दहा दिवस पुन्हा दाखवून जा. डोळ्याच्या बाईंनी रंग ओळखता येतात का ते बघायची ती रंगीत ठिपक्यांची इशिहाराची पुस्तिका दाखवली, घाई केली नाही, लाईट नीट लावून घेतला. बीपी दोनदा घेतलं कारण पहिल्यांदा घाबरून वाढलं होतं. एवढ्यावरच थांबलो असतो तर पाच स्टार दिले असते आणि शेंगाचटणीचं पाकीट पण पोचवलं असतं.

मग मापाच्या खोलीत गेलो.

तिथं एक पोरगा, वीस-बावीसचा, हातात कापडी टेप. कापडी टेप वापरून वापरून ताणतो हे मी रोज बघतो, वर्षाला दोन फेकतो. पोराला उभं केलं आणि लेग लेंथ म्हणून पँटची आतली उंची घेतली, आम्ही घेतो तशी. ८५ लिहिलं आणि म्हणतो काका, कमीत कमी ९९ पाहिजे, अवघड आहे. माझा पोरगा १८३ सेंटिमीटर, सहा फूट. मी म्हणलं अरे बाळा, आतली उंची ९९ म्हणजे एकोणचाळीस इंच, असं गिऱ्हाईक साडेसहा फुटाच्या पुढचं असतं, मी आख्ख्या आयुष्यात दोनच बघितलेत, मग एअरफोर्सची विमानं चालवतंय कोण? तेव्हा आतून सिनिअर आले, त्यांनी जमिनीवर बसवून पाठ भिंतीला, पाय सरळ आणि टाचेपर्यंत मोजलं. १११. असं मोजायचं असतं ते. ९९ ते १२० मध्ये निवांत बसलं.

भरतीच्या जाहिरातीतली फ्लाइंगची, म्हणजे पायलटची, मापं मला आता पाठ आहेत: उंची कमीत कमी १६२.५, बसून उंची ८१.५ ते ९६, पाय ९९ ते १२०, मांडीची लांबी, म्हणजे बसल्यावर पाठीमागून गुडघ्यापर्यंत, जास्तीत जास्त ६४. सगळी सेंटिमीटरमध्ये. ही उगाच काढलेली नाहीत. पाय कमी पडला तर रडरच्या पायपट्टीला पोचत नाही, बसून उंची जास्त झाली तर हेल्मेट वरच्या काचेला लागतं, कमी झाली तर विमानाच्या नाकापुढचं दिसत नाही. आणि मांडी सगळ्यात महत्त्वाची, कारण जीव वाचवायला पायलटला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट रॉकेटनं वर जाते तेव्हा गुडघे समोरच्या पॅनेलला अडकले तर संपलंच. आम्ही शिवताना आत माया ठेवतो, पोरगं वाढलं की उसवून सोडायला. कॉकपिटला माया नसते.

आता मांडी. स्टूल भिंतीला लावला, पोराला बसवलं, भिंतीपासून गुडघ्यापर्यंत टेप धरला, ६५.२. अनफिट. पोराचा चेहरा असा पडला की मला बघवेना. सिनिअर तोपर्यंत बाहेर गेले होते.

मला मात्र काहीतरी खटकत होतं. खाली वाकून बघितलं तर भिंतीच्या बुडाला फरशीची स्कर्टिंग, चांगली जाड, स्टुलाचे पाय तिला टेकलेले, म्हणजे स्टूलच भिंतीपासून लांब. पोराचे खांदे भिंतीला टेकलेले पण सीट टेकलेली नाही. मागून हात घातला तर माझी बोटं सपाट आरामात आत गेली! आता भिंतीपासून मोजल्यावर ती पोकळी कुणाच्या खात्यात जाणार, मांडीच्याच ना?

म्हणलं पुन्हा घे. तर म्हणतो काका, मशीनसारखं रीडिंग आहे, पुन्हा घ्यायचं तर ३०० वेगळे. आणि मग हळूच, आवाज खाली करून, टेन्शन घेऊ नका, वेव्हर, म्हणजे मापात सूट, मिळतं, अमेरिकेत पण देतात, आमच्या ओळखीनं लेटर होतं, पाच हजारात बघू. इथं माझं डोकं फिरलं.

अमेरिकेचं मी रात्री बसून वाचलं. खरं आहे, तिथं वेव्हर होतं. त्यांची जुनी अट उभं राहून ६४ ते ७७ इंच आणि बसून ३४ ते ४० इंच, बसत नसेल तर अंगाची सगळी मापं घेऊन कुठल्या विमानात माणूस बसतो ते बघायचे आणि सूट द्यायचे. २०१५ ते २०१९ मध्ये अर्ज केलेल्यांपैकी ८७ टक्क्यांना मिळाली. मे २०२० मध्ये त्यांनी सुरुवातीची उंचीची अटच काढली, विमानाप्रमाणे माप बघणं मात्र चालूच आहे. म्हणजे वेव्हर हे काही ओळखीचं लेटर नव्हे ओ, उलट जास्तीचं माप घेणं आहे. आपल्याकडं जी पाच सेंटिमीटरची सूट दिसते, ईशान्येकडच्या, गुरखा आणि उत्तराखंडच्या डोंगराळ भागातल्या पोरांना, ती ग्राउंड ड्युटीच्या, म्हणजे विमान न चालवणाऱ्या जमिनीवरच्या कामाच्या, उंचीत आहे, कॉकपिटच्या मापात नाही. पाच हजारात गुडघा आखडत नाही.

त्यातच एक भारी गोष्ट वाचली, आमच्या धंद्याची. १९५० मध्ये अमेरिकन एअरफोर्सनं चार हजारांवर पायलटांची मापं घेतली आणि गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या माणसानं बघितलं की दहाच्या दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती. ४,०६३ पैकी एकसुद्धा नाही! सीट मागंपुढं होते ती त्या विचारातनं. मी हे दुकानात कारागिरांना सांगितलं तर आमचा कटिंग मास्टर म्हणतो, मालक, हे आम्हाला विचारलं असतं तर चहावर सांगितलं असतं, शाळेत दोनशे पोरं असतात पण मिडियम साईज बरोब्बर बसलेलं एक दाखवा.

घरी येऊन पोराला स्कर्टिंग नसलेल्या भिंतीला बसवलं, हाफपँटवर, सीट आणि पाठ दोन्ही टेकवून, गुडघा काटकोनात, गुडघ्याच्या वाटीपुढं दुकानातली एल-स्केल उभी धरली आणि स्टीलच्या टेपनं मोजलं. ६३.४. हिनं मोजलं, ६३.४. शेजारच्या सुताराला बोलावून गुण्या लावून मोजलं, ६३.५. काठावरच आहे, ते मी नाकारत नाही, शेवटी बोर्ड मोजेल तेच खरं. पण ६५.२ नाही.

अजून एक, हे माझ्यापेक्षा जास्त लागलं. आमच्या आधी बार्शीची एक मुलगी होती, तिची उंची संध्याकाळी सात वाजता घेतली, १६२.१. रडवेली झाली. अरे दिवसभर उभं राहून, एसटीतनं धक्के खाऊन माणूस संध्याकाळी सेंटिमीटरभर तरी आखूड होतो, मणक्यातल्या चकत्या दबतात, सकाळी मोजा की तिला! आणि ग्राउंड ड्युटीला मुलींना १५२ चालते हे सांगायला कुणी नाही. मी सांगितलं तर तिचे वडील माझ्याकडं टेलर काय सांगतोय असं बघायला लागले, बरोबर आहे त्यांचं.

तर जायचं असेल तर कान, डोळे, बीपीसाठी जा, सकाळी जा, स्टीलचा टेप आपला न्या, पोराच्या मागं हात घालून बघा. लेटरचं बोलले की उठा.

परवा मी पुन्हा गेलो, पैसे मागायला नाही, फक्त स्टूल दाखवायला. सिनिअर भेटले, त्यांनी वाकून बघितलं, स्कर्टिंगला बोट लावलं आणि म्हणाले बरोबर आहे तुमचं. रिपोर्ट मात्र बदलून दिला नाही, सिस्टिममध्ये गेलाय म्हणे. निघताना वळून बघितलं तर पुढचं पोरगं त्याच स्टुलावर बसलेलं.